आत्याकडे

चष्मेवाल्यानं काचेची कड घासणीच्या चाकावर धरली. पुतणी दारात उभी आहे हे दिसत असूनही त्यानं मान वर केली नाही. काच घासून झाली, फुंकर मारून झाली, फ्रेममध्ये बसवून झाली. हातांना करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला,

“घरी जा. काकू आहे, चहा देईल.”

“मी तुमच्याकडे आलेय, काका.”

तिनं खांद्यावरची लांबोडकी पिशवी बाकावर ठेवली. पिशवी त्यानं लगेच ओळखली. धाकट्या भावाची मासे धरायची काठी, गळ, तंगूस, बुचं, सगळं तिच्यात असायचं. पिशवीची चेन तुटली तेव्हा दोघा भावांच्या आईनं बटणं लावून दिली होती, ती अजून तशीच होती.

“मला आत्याकडे न्या,” पुतणी म्हणाली.

या दोघा भावांना आत्या नव्हती. बापाला बहीणच नव्हती, तर आत्या येणार कुठून? पण नदीच्या एका वळणावर, उंच लव्हाळ्याच्या आड, पोरवयात त्यांना मासे धरायला एक जागा सापडली होती. कुठं निघालात, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, आत्याकडे. आईला सगळं ठाऊक होतं, आणि तीही काही कमी नव्हती. पोरं रिकाम्या हातांनी परतली की विचारायची, “का रे, आत्या घरी नव्हती वाटतं?” पुढं दोघांची लग्नं झाली, केस पिकले, तरी रविवारी सकाळी आत्याकडे जाणं काही चुकलं नाही. बसायला तिथं पत्र्याचे दोन डबे होते, एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. सबंध सकाळ दोघं अक्षर बोलत नसत, आणि परतताना पोटभर गप्पा झाल्यासारखे खूश असत.

“तिथं आता काय राहिलंय?” चष्मेवाला म्हणाला. “तुझ्या बापानं ती जागा चव्हाट्यावर मांडली. गेले असतील सगळे तुडवायला.”

“पाणी सगळ्यांचंच असतं ना, काका?”

“पाणी सगळ्यांचं. जागा ज्याची त्यानं शोधायची.”

हे वाक्य त्यानं मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता गुळगुळीत झालं होतं. ज्याला ऐकवायचं होतं ते माणूसच राहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. माशांच्या नादी लागलेल्यांचा फोनवर एक गट होता. कुणी कुठं काय धरलं याचे फोटो तिथं रोज पडायचे, आणि जागा सांगावी की सांगू नये यावर रोज भांडणं जुंपायची. या भावांच्या पिशव्या जड असतात हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं होतं. माशांना गळ टाकणारे हे लोक मग धाकट्याला गळ घालू लागले. कुठं रे तुमची आत्या, आम्हालाही भेटव की. एक-दोघं तर पहाटे त्यांच्या मागावरही राहिले होते. आणि एके दिवशी पोस्टमन टपाल टाकता टाकता चष्मेवाल्याला म्हणाला, “तुमच्या धाकट्यानं आत्याचं घर जगजाहीर केलं की हो! व्हिडिओच टाकलाय.”

चष्मेवाल्यानं व्हिडिओ पाहिला नाही. ज्या गोष्टीनं काळजात कळ येते ती कशाला पाहायची?

धाकटा त्याच संध्याकाळी दुकानात आला होता. बाकावर गिऱ्हाइकं होती, त्यांतले दोघं त्या गटातलेच. धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे.

“दादा, रविवारी आत्याकडे ये. तिथं बोलू.”

थोरल्याला ते जखमेवर मीठ वाटलं. ज्यानं घर विकलं तोच आमंत्रण देतोय!

“आता तुझी आत्या वेगळी, माझी वेगळी,” तो चारचौघांत म्हणाला. “गिऱ्हाईक नसशील तर दार लावून घे.”

धाकट्यानं दार लावून घेतलं, अगदी हलक्या हातानं. त्यानंतर थोरल्यानं ना त्याचा फोन घेतला, ना नदीचं तोंड पाहिलं. यंदा थंडीत धाकटा बसल्या जागी गेला. थोरला स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा राहिला, आणि परत येऊन त्यानं दुकान उघडलं.

“मी जाऊन आले तिथं,” पुतणी म्हणाली. “व्हिडिओत वाट सांगितलीय तशी. पण लव्हाळं नाही, डबे नाहीत. बाबा तर म्हणायचे, डबे आहेत. म्हणून म्हटलं, काकांनाच विचारावं.”

“डबे नाहीत म्हणजे?”

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. चष्मेवाल्यानं गळ्यातला चष्मा नाकावर चढवला. धाकटा भला मोठा मासा धरून हसत होता. मागं कापलेल्या दगडाची उभी भिंत होती आणि खाली हिरवं, ठप्प पाणी. ही पुलापलीकडची जुनी खाण होती. तिथं बेडकाशिवाय कधी कुणाला काही मिळालं नव्हतं.

“हेच बघा आमच्या आत्याचं घर,” फोनमधला धाकटा म्हणाला, आणि त्यानं मोकळ्या हातानं कानाची पाळी ओढली.

लहानपणी आईशी खोटं बोलताना तो अशीच पाळी ओढायचा, आणि पकडला जाऊ नये म्हणून थोरला खालून त्याचा पाय दाबायचा.

“पुन्हा लाव,” चष्मेवाला म्हणाला.

तिनं पुन्हा लावलं. मग पुन्हा. सगळ्या गावाला चष्मे देणाऱ्या माणसानं एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर! धाकट्यानं आत्याचं नाव खाणीला दिलं होतं आणि घर राखलं होतं. बाकावर गटातले ते दोघं बसलेले असताना तो हे दुकानात सांगणार तरी कसा? म्हणून तर म्हणाला होता, आत्याकडे ये.

त्यानं घासणीचा खटका बंद केला आणि किल्ल्या शोधू लागला. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या.

लव्हाळं वाढलं होतं, पण मधून एका माणसापुरती वाट रुळलेली होती. आत सगळं जागच्या जागी होतं. पाणी तसंच संथ वळत होतं. दोन्ही डबे पालथे घातलेले होते, आत पाणी साचू नये म्हणून. चष्मेवाल्यानं आपला डबा उचलला. खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गोणपाटाची घडी होती. कंबर दुखते, पत्रा टोचतो, असं तो स्वतःच इथल्या आपल्या शेवटच्या रविवारी कुरकुरला होता.

घडी काढून त्यानं डब्यावर अंथरली आणि बसला. पुतणी बापाच्या डब्याजवळ घुटमळली.

“बस,” तो म्हणाला. “आता तुझाच आहे तो.”

गळाला गांडूळ लावायला बापानं तिला शिकवलं होतं. तिनं गळ टाकला. बूच पाण्यावर डुलू लागलं.

“बाबा दर रविवारी इथं यायचे,” काही वेळानं ती म्हणाली. “आणि घरी परतायचे ते रिकाम्या हातांनी. मी चिडवायचे, काय बाबा, आत्या घरी नव्हती? तर म्हणायचे, होती की. एकटीच होती बिचारी.”

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पाणी काही स्पष्ट दिसेना. त्यानं तो पुन्हा काढला आणि हातातच ठेवला. त्याला रडू येत होतं आणि ते आवरायची त्याला आता गरज वाटत नव्हती.

शेजारच्या डब्यासमोरून बूच बुडाल्याचा ‘डुबुक’ असा आवाज आला. तो आवाज त्याच्या कानांना पोरवयापासून ओळखीचा होता.

“ओढ रे,” तो म्हणाला. “बघतोस काय, ओढ!”

पुतणीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी काठी धरून तिनं ओढलं.