डावे आटे

लोखंडी दांड्यावरच्या खाचेत टूल उतरवून वाल्मीकने मशीन चालू केलं. टूल दांडा पकडणाऱ्या चकपासून दूर, उजवीकडे सरकू लागलं. अंबडमधल्या त्या छोट्या वर्कशॉपचा मालक संतोष मागे चहा पीत उभा होता. तो पुढे वाकला.

“वाल्मीकभाऊ, आटे उलटे पडतायत.”

“उलटेच हवेत.”

तो दांडा लेथचा स्पिंडल होता, वाल्मीकच्या थोरल्या भावासाठी, झुंबरसाठी. नांदगावला झुंबरने तीस वर्षं लाकडाच्या लेथवर लाटणी आणि पाळण्याचे खांब उतरवले होते. गेल्या दिवाळीत त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात नुसता टेकवण्यापुरता उरला. मशीन विकून टाकायचं त्याने ठरवलं होतं.

डाव्या हाताने पटाशी धरायची तर मशीनच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि लाकूड उलटं फिरवायचं. पण तसं फिरवलं की स्पिंडलच्या साध्या आट्यांवरचा, लाकूड पकडणारा चक सुटून आला असता. म्हणून वाल्मीकने कागदावर नवा स्पिंडल काढला. लांबी जुनीच, बेअरिंगही जुनीच, आटे मात्र डावे. दोन आठवडे तो शिफ्ट सुटल्यावर त्यासाठी थांबत होता. भावाला त्याने काही कळवलं नव्हतं.

रविवारी सकाळी नांदगावला जाऊन त्याने स्पिंडल बसवला, मोटार उलटी फिरावी म्हणून तिच्या तारा बदलल्या. झुंबर दारात खाटेवर बसून होता.

“कशाला एवढा तरास घेतला? दुपारी मशीनला गिऱ्हाईक येतंय.”

“येऊ दे की. तोवर एकदा बघ, दादा.”

झुंबर हलला नाही. मग त्याची बायको शकुबाई आत गेली, पटाशी पुसून घेऊन आली आणि त्याच्या डाव्या हातात देऊन उभी राहिली. तो उठला, मशीनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

वाल्मीकने लाकूड लावून मशीन चालू केलं. चक घट्ट राहिला. लाकूड जराही न थरथरता फिरू लागलं. झुंबरने उजवा हात टेकूवर ठेवला, डाव्याने पटाशी पुढे केली. ती लाकडात रुतली. मोठा ढलपा उडाला, खोल खड्डा पडला.

शकुबाईने पदर तोंडाला लावला. वाल्मीकने मशीन बंद केलं आणि भावाकडे न बघता, चक काढायला पाना उचलला.

झुंबर खाली वाकला. खड्ड्यावरून त्याने अंगठा फिरवला, नखाने लाकूड खरवडलं.

“वलं लाकूड लावलंय तू,” तो म्हणाला. “वाळलेली बाभूळ मागं हाय. ती आण.”