कुंकवानं डोळा मिटलेला कॅमेरा

आष्टीजवळच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या घरातल्या कोनाड्यात बसून मी तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. साबणाच्या वडीएवढा, रुपेरी अंगाचा मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. अंगानं एवढासा असलो तरी तोंड माझं भारी चालतं, ते आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखे ढिगानं जन्मत होते, त्यामुळे कौतुक कोणाचंच नव्हतं. माझं खरं कौतुक झालं ते जुन्या जालन्यात. सुहासिनीताई तिथल्या एका कचेरीत नोकरीला होत्या. त्यांनी मला दुकानातून घरी आणलं, मऊ फडक्यानं पुसलं आणि पर्समध्ये ठेवून बघितलं. मी मावलो! त्याचा त्यांना कोण आनंद! मग बारसं असो की जांब समर्थची सहल, "माझा कॅमेरा घेतला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा.

त्यांचे यजमान जगन्नाथराव मात्र माझ्यावर खार खाऊन असत. "अगं, हा बटण दाबल्यावर आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो! तोवर माणसं हसायची थांबतात." सेल फार खातो म्हणून त्यांनी मला बकासुर नाव ठेवलं होतं. रात्रीच्या फोटोत सगळ्यांचे डोळे लाल यायचे, त्यावरूनही बोलणी खायचो मीच. खोटं कशाला बोलू, ही गाऱ्हाणी खरी होती. पण लख्ख उन्हात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मोसंबीच्या बागेतले फोटो पाहून तेच जगन्नाथराव म्हणायचे, "नाही, रंग मात्र चोख पकडतो हं."

पुढे घरात मोबाइल आले आणि मी कपाटाच्या खणात जाऊन पडलो. वर्षांमागून वर्षं गेली. मला फार वाईट वाटायचं. कधी खण उघडला की जीव हरखायचा. पण हात यायचा तो कात्रीसाठी नाहीतर सुईदोऱ्यासाठी.

ताईंची थोडी शेती आष्टीकडं होती. ती बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, कसायचे ते रखमाजी. एकदा ते नात अर्पिताला घेऊन जालन्याला आले आणि त्या पोरीनं खणात मला पाहिलं.

"हे चालू हाये का ओ काकू?" तिनं विचारलं.

"चालू आहे गं, पण आता विचारतंय कोण त्याला? जा घेऊन," ताई म्हणाल्या.

असा मी वस्तीवर आलो आणि माझं नशीब उघडलं. अर्पिताचे वडील रामप्रसाद पुण्याला कंपनीत कामाला होते. घरातला चांगला मोबाइल त्यांच्याच खिशात असायचा. रखमाजींकडं साधा बटणाचा फोन. त्यामुळे फोटो काढणारा घरात मी एकटाच! अर्पितानं कोंबड्या काढल्या, शेळी काढली, आजी उषाबाईंना भाकरी थापताना काढलं. आणि सगळ्यात जास्त काढला तो गुलब्या. गुलब्या म्हणजे रखमाजींचा लाल कंधारी बैल. वासरू असल्यापासून त्यांनी त्याला हातानं चारलेलं. गुलब्या आणि त्याचा जोडीदार यांच्या जिवावर ती शेती उभी होती. पोळ्याच्या दिवशी झूल, बाशिंग, गोंडे घालून गुलब्या उभा राहिला, तेव्हा रखमाजी अर्पिताला म्हणाले, "असा काढ, की पाहणाऱ्यानं पाह्यतच राह्यलं पाह्यजे!"

मग आली खंडेनवमी. जे अवजार वर्षभर राबतं, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लागतं. विळा, खुरपं, पाभर, फवारणीचा पंप असं सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं होतं. अर्पितानं मलाही त्या रांगेत बसवलं. "आजी, हाबी राबतो की!" पूजेला डोळे मिटून कसं बसायचं, म्हणून तिनं मला चालू केलं. माझी नळी बाहेर आली, डोळा उघडला. उषाबाईंनी हात जोडले, बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि थेट माझ्या डोळ्यालाच टिळा लावला! वरून पाण्याचा शिंतोडा, हळद आणि अक्षता. त्यांचं तरी काय चुकलं? कुंकू लावायचं ते तोंडाला, आणि माझं तोंड म्हणजे भिंगच की.

ओलं कुंकू नळीच्या फटीत शिरलं. थोड्या वेळानं मी सवयीनं डोळा मिटायला गेलो, तर नळी करकरली आणि अर्ध्यावरच अडकली. ती कायमचीच. नंतर चालू करावं की मी खरखर करायचो आणि लगेच बंद पडायचो. आष्टीतल्या मोबाइलवाल्यानं मला उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "खल्लास झाला हा. द्या टाकून."

"माझ्याच हातानं गेला गं बिचारा," उषाबाई हळहळल्या. त्यांनी मला टाकलं मात्र नाही. पिशवीत घालून खुंटीला अडकवलं.

दिवाळी सरली आणि एका सकाळी गोठ्यात गुलब्या नव्हता. दावं कापलेलं! रखमाजी रानोमाळ हिंडले, पोलिसांत जाऊन आले. घरात कोणी धड जेवेना. गुलब्याच्या जोडीदारानं वैरणीला तोंड लावणं सोडलं. पेरणी तोंडावर आलेली. पण रखमाजींना पेरणीपेक्षा त्या रिकाम्या खुंट्याचंच जास्त लागलं होतं.

बाजाराच्या दिवशी शेजारच्या कडूबाचा फोन आला. "रखमाजी, जल्दी या! तुमचा गुलब्या बाजारात उभा हाये!"

रखमाजी धावत सुटले. पाठोपाठ उषाबाई आणि अर्पिताही निघाल्या. निघताना पोरीनं काय मनात आणलं कोण जाणे, खुंटीवरची माझी पिशवी गळ्यात अडकवली.

बाजारात एका व्यापाऱ्याच्या दावणीला गुलब्या बांधलेला होता. शिंगं तासलेली, वर नवा रंग. रखमाजींनी हाक मारताच त्यानं मान वर केली.

"पाह्यलं का? ओळखलं मला!" रखमाजी म्हणाले.

"भुकेला बैल कुणाच्याबी हाकेला मान उचलतो," व्यापारी म्हणाला. "मी विकत घेतलाय बराबर. लाल कंधारी समदे एकसारखेच दिसतेत."

"त्याच्या डाव्या खांद्यावर पांढरा वण हाये बघा. तारेनं कापलं होतं त्याला."

"वण मलाबी दिसून राह्यलाय. दिसती खूण कुणीबी सांगल!"

माणसं जमली. बाजारातले जाणते राजानंद पुढे आले. "रखमाजी, तुमचा शब्द मला खोटा वाटत न्हाई. पण पुरावा काय? टेम्पो भरून राह्यलाय. एकदा बैल गेला की मंग कुठं हुडकायचा?"

कडूबानं पुण्याला रामप्रसादांना फोन लावला. त्यांच्या मोबाइलात बैलाचा एकही फोटो निघाला नाही. होते ते सगळे स्वतःचेच!

"माझ्या कॅमेऱ्यात हायेत फोटो!" अर्पिता ओरडली. तिनं मला काढलं, चालू केलं. मी खरखरलो आणि बंद पडलो. पुन्हा तेच. सेल संपत आलेले. अगं वेडे, ते बटण नको, दुसरं दाब, फोटो बघायचं बटण! माझा डोळा मिटलाय, पोट नाही! पण माझा आवाज कोणाला ऐकू येणार? रडवेली होऊन ती हाताला येईल ते बटण दाबत सुटली आणि नेमकं तेच बटण तिच्या अंगठ्याखाली जरा जास्त वेळ दाबलं गेलं. माझा पडदा उजळला.

"लागला! आजी, लागला!"

सगळी डोकी माझ्यावर वाकली. पहिला फोटो पोळ्याचा. दुसराही पोळ्याचा. झूल मानेपासून शेपटीपर्यंत, कपाळावर बाशिंग. खांदा कुठं दिसेल तर शपथ! व्यापारी हसला. "नवरदेव दिसतोय, बैल कुठंय ह्याच्यात?"

माझा सेल लुकलुकायला लागला. अजून थोडं, अजून थोडं, असं मी स्वतःलाच म्हणत होतो. अर्पितानं त्याच्या मागचा फोटो पडद्यावर आणला. तो होता पोळ्याच्या आदल्या दिवसाचा, खांदमळणीचा. जुवाखाली झिजलेल्या खांद्यांना त्या दिवशी तूप-हळद चोळतात आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. फोटोत गुलब्या उघड्या अंगानं आपल्या गोठ्यात उभा होता. उषाबाईंचा पिवळाधम्मक हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्या हाताला लागूनच पांढरा वण! शेजारी दावं धरून रखमाजी. उन्हातला फोटो तो. रंग अगदी चोख.

राजानंदांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गुलब्याच्या खांद्याकडे. "बिलकुल हाच," ते म्हणाले. त्याच क्षणी माझा पडदा विझला. पण काम झालं होतं. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "मला काय माहीत चोरीचा हाये? ज्यानं इकला त्याचं नाव सांगतो पोलिसांना," म्हणत त्यानं दावं सोडून दिलं.

गुलब्याच्या गळ्यात पडून रखमाजी पोरासारखे रडले. मित्रांनो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! खुंटीवर लटकताना मला वाटायचं, आपण आता नुसतं ओझं. ते ओझं त्या दिवशी उतरलं.

नंतर रखमाजींनी मला जालन्याला दाखवलं. तिथल्या कारागिरानं सांगितलं, माझा सुटा भाग आता कुठंच मिळत नाही. अर्पिताचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा उषाबाई म्हणाल्या, "न्हाई झाला नीट, तर न्हाई झाला. म्हातारं माणूस काम करीत न्हाई म्हणून त्याला कुणी घराभाईर काढतं का?" आणि त्यांनी मला या कोनाड्यात आणून ठेवलं.

म्हणून म्हणतो मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बंद पडली तर तिला भिरकावून देऊ नका. तिच्या पोटात तुमच्या घरचं काय काय साठलंय, ते आधी बघा. मला आता फोटो काढता येत नाही, आणि तरीही मला इथून कोणी काढणार नाही.