हरिबाची पकड

शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती आणि सांगलीहून आलेल्या डॉक्टर राजेश्वरीबाई तासभर "आ करा हो" म्हणून विनवत होत्या. गड्यांनी ओठ घट्ट मिटलेले. गालातली तंबाखू दिसली असती ना!

हरिबाला हे बघवेना. वडूजच्या बाजारात चाळीस वर्षं मेंढरांचे दात बघून वय सांगणारा माणूस तो. "आवं बाई, असं विनवून कुणी तोंड उघडतंय व्हय?" म्हणत त्यानं पुढच्या गड्याचा जबडा धरला, अंगठा गालफडात दाबला आणि तोंड सताड उघडलं. बाईंनी बॅटरी मारली. हरिबानं सवयीनं "चार दाती!" म्हणून आरोळी ठोकली. मग सगळी रांगच त्यानं उरकली. सरपंचांचं तोंड बघून तर तो बोलून गेला, "म्हातारं हाय, घेऊ नगा."

"आता तुम्ही या, मामा," बाई म्हणाल्या.

हरिबाचं तोंड एवढंसं झालं. "मला काय धाड भरलीय? लय कामं पडल्याती," म्हणत तो दाराकडं सटकला. दारात त्याची बायको हरणाबाई उभी होती. तिनं त्याची मान काखेत आवळली, जबडा धरला, अंगठा दाबला. तंबाखूची गोळी टपकन पायरीवर पडली.

"ही पकड मीच शिकवलीया ह्यांना," हरणाबाई म्हणाली. "तुमी बघा निवांत, बाई. मी सोडत न्हाई."