बारीची दुरडी

मी दुरडी बोलतेय. कुणा एका घरची नव्हे, बारीची दुरडी. हिंगोलीच्या रुख्मिणीबाईनं बांबू चिरून मला विणलं अन् आमच्या गावच्या जुलेखाबीनं दोनदा आपटून पारखून घेतलं. आपटलं तरी मी कुरकुरले नाही.

वसमतजवळ आमचं खेडं. मशिदीला लागून दोन खोल्यांचा मदरसा. लेकरं तिथं कुराण, उर्दू अन् पाढे शिकत. शिकवायला अताउल्ला मौलीसाब, एकटा जीव. त्यांचं जेवण रोज एका घरून येई, त्यालाच बारी म्हणत. दुपारी भाकरी अन् सालनाची, म्हणजे कालवणाची, वाटी घेऊन मी जायची. संध्याकाळी मौलीसाब स्वतः मला उद्याच्या घरी पोचवत. उंबऱ्याशी उभं राहून सांगत, पोरगी हुशार हाय, पन घाई लई करते. पोरीची आई आतून म्हणे, मग रागवा की, आमचं ऐकती व्हय ती? तेवढ्यात चहा होई.

नांदेडच्या मोठ्या मदरशातून त्यांना दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा गेले नाहीत.

मग कमिटीच्या शकूरभाईंना पाहुण्यांनी टोमणा मारला, तुमचा उस्ताद मागून खातो म्हणे. भाईंना ते लागलं. त्यांनी मौलीसाबच्या खोलीत गॅस बसवला, कुकर आणला अन् बारी बंद केली. खरं सांगते, मीही खूश झाले. बारा वर्षं फिरून माझे काठ उसवले होते. वाटलं, मौलीसाबचा मान वाढला. चुकले मी.

आता संध्याकाळी कुणाच्या दारी जायला त्यांना निमित्तच उरलं नाही. भाकरी पोचवायची नाही म्हणून आईबापही मदरशाकडे फिरकेनात. सकाळची खिचडी ते रात्रीही खात. ईद झाली अन् त्यांनी नांदेडला होकार कळवला.

निघताना जुलेखाबी आडवी आली. "काहून चालले, मौलीसाब? आमी काय कमी केलं?"

"काहीच न्हाई, आपा. तुमच्या साबिराला ताप होता, ते मला आठ दिवसांनी कळलं. पहिले तुमच्या करपल्या भाकरीवरून कळायचं."

जुलेखाबी वाटेतून बाजूला सरली.

दोन वर्षांत तीन उस्ताद आले अन् गेले. आता चौथा आलाय, परभणीकडचा, कोवळा. मी जुलेखाबीच्या खुंटीला लसूण सांभाळत लटकून आहे. खाली बसून लोक म्हणतात, आजकालचे उस्ताद टिकत न्हाईत. ऐकून माझा तिळपापड होतो.

गॅस राहू द्या, मलाही राहू द्या इथंच. पण त्या पोराच्या दाराशी जाऊन एकदा विचारा, बाबा, आज काय खाल्लं? तेवढंही होत नसेल, तर टिकत नाहीत म्हणून बोलू नका.