हॅशमधला 'के'

त्याला सगळे 'उद्या' म्हणत. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि कुठलंही काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, म्हणून हे नाव पडलं. पुढे पुढे त्याची सख्खी आईसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागली.

त्याला शिकवणाऱ्या बाई सबबींना विटल्या होत्या. आदल्या वर्षी एकाने प्रोजेक्ट म्हणून रिकामी फाइल दिली आणि "कॉपी करताना सांडलं असेल" म्हणाला. दुसऱ्याने फाइल एन्क्रिप्ट करून तिला कुलूप घातलं आणि पासवर्ड विसरल्याचं दुःख इतकं झकास वठवलं, की बाईंनीच त्याला पाणी आणून दिलं.

यंदा प्रोजेक्ट द्यायच्या दिवशीच, फायली जिथे चढवायच्या तो विभागाचा सर्व्हर बसला. दुरुस्तीला आठवडा लागणार होता. वर्ग खूश झाला, पण बाईंनी टेबलावर एक वही उघडून ठेवली.

"फाइल पुढच्या सोमवारी द्या. आज फक्त तिचा हॅश इथे लिहायचा. कॉम्प्युटर फाइलवरून काढतो ती चौसष्ट अक्षरं आणि आकडे. तो फाइलचा अंगठा समजा. आत एक स्वल्पविराम हलला तरी अख्खा अंगठा बदलतो. म्हणजे आठवडाभरात कुणी फाइलला हात लावला तर मला कळेल."

उद्याकडे फाइलच नव्हती. होतं ते एक मुखपृष्ठ, त्यावर त्याचं नाव ठळक टाइपात. तरी तो रांगेत उभा राहिला आणि मनाला येतील ती इंग्रजी अक्षरं आणि आकडे वहीत लिहून मोकळा झाला. चौसष्ट मात्र मोजून लिहिली. इतपत सचोटी त्याच्यात होती. बाईंनी त्या ओळीवर नजर फिरवली.

"अक्षर छान आहे," म्हणाल्या.

तो ताईकडे राहायचा. ताई एका छापखान्यात प्रुफं तपासायची. जेवताना त्याने तिला सगळा पराक्रम ऐकवला.

"म्हणजे अंगठा आधी दिलास. आता त्याला शोभेल असा माणूस कुठून आणणार?"

"प्रोग्राम लिहितो ना. फाइलच्या शेवटी एकेक मोकळी जागा वाढवत जायचं, दर वेळी हॅश काढायचा. कधीतरी जुळेल."

"आणि प्रोजेक्ट?"

"जुळला की लिहितो."

तीन वर्षांत त्याने इतकं काम कधी केलं नव्हतं. मंगळवारी त्याने प्रोग्राम लिहिला, बुधवारी चालवला. गुरुवारपर्यंत चाळीस लाख हॅश निघाले. चौसष्ट जुळायची गोष्ट लांब, पहिलं अक्षरसुद्धा एकदाही जुळलं नाही. प्रोग्रामच चुकला असणार म्हणून त्याने तो दोनदा नव्याने लिहिला.

शुक्रवारी संध्याकाळी ताई कामावरून आली, पर्स खांद्यालाच ठेवून त्याच्यामागे उभी राहिली आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी वाचू लागली.

"तुझ्या ओळीची सुरुवात कशाने आहे?"

"के."

"इथे एकही के नाही. एम नाही, झेड नाही. एफच्या पुढचं काहीच दिसत नाही."

उद्याने पुस्तक काढलं. हॅश लिहायला शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच चिन्हं वापरतात, हे बाविसाव्या पानावर चौकटीत छापलं होतं. पान कोरं करकरीत होतं.

शनिवारी तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या हॅशमध्ये के आहे."

"सात आहेत," बाई म्हणाल्या. "स्टाफरूममध्ये आम्ही मोजले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू काय करतोस ते बघायचं होतं. काय केलंस?"

त्याने सगळं सांगितलं. चाळीस लाखांचा आकडा ऐकून बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "सोमवारी खरा प्रोजेक्ट आण. गुण निम्मेच मिळतील."

प्रोजेक्ट होता मजकूर आकसवणारा प्रोग्राम लिहायचा. उद्याने सोपी युक्ती निवडली. ओळीने पाच स आले तर पाचही न लिहिता '५स' लिहायचं. रविवारी ताईकडच्या एका प्रुफावर त्याने प्रोग्राम चालवला. पण माणसं ओळीने पाच स लिहीत नाहीत. प्रत्येक अक्षरापुढे इमानेइतबारे एकचा आकडा बसला आणि मजकूर दुप्पट झाला. ताई हसून हसून खुर्चीतच कलली. दुसरं काही करायला वेळ नव्हता, तेव्हा त्याने मजकूर का फुगला ते दोन पानांत लिहिलं आणि तेच दिलं.

सोमवारी बाईंनी सगळ्यांच्या फायलींचे हॅश काढून वहीशी ताडून पाहिले. एकोणीस जणांचे जुळले नाहीत. उद्या सोडून बाकीच्यांचे गुण बाईंनी रोखून धरले. त्यात वर्गात पहिली येणारी मुलगीही होती. तिच्या आभाराच्या पानावर बाईंचं आडनाव चुकलं होतं, ते तिने मंगळवारी दुरुस्त केलं होतं. बस, तेवढंच.

उद्याला पन्नासपैकी अठरा मिळाले. पास व्हायला अठराच लागत. ती मुलगी डोळे लाल करून जिन्यात त्याच्याजवळ आली.

"तू बाईंना जाऊन काय सांगितलंस?"

"खरं काय ते."

"चाललं?"

"निम्मं."

तिने नाक पुसलं आणि ती स्टाफरूमकडे गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचे पंचेचाळीस पक्के झाले होते. उद्या म्हणाला, हा अन्याय आहे. ती म्हणाली, "मग आधी प्रोजेक्ट करत जा."