देवाघरी असते

ही गोष्ट १९६३ सालची. त्या सकाळी मिशनच्या स्वयंपाकघरात मावशी बटाटे सोलत होती आणि समितीच्या अध्यक्षीणबाई नाकाला रुमाल लावून दारात उभ्या होत्या. आत यायचं त्यांच्या मनात नव्हतं. अत्तराचा वास बिघडला असता.

“मावशी, रविवारी पाहुणे येणार आहेत. सूप जरा दाट करा.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी काय?”

“सोमवारी पुन्हा पातळ करू ना? सध्याचं इतकं स्वच्छ असतं, की त्यात बघून भांग पाडता येतो.”

बाईंनी ते कानाआड केलं. गरिबांचं बोलणं कानाआड करण्याची त्यांना वीस वर्षांची सवय होती.

मावशी खरं तर कुणाचीच मावशी नव्हती. नवरा गेल्यावर पोटासाठी या चुलीपुढे उभी राहिली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. वर अनाथ मुली राहायच्या, खाली दुपारी बेघर माणसं जेवायला यायची, आणि दोन्हीकडचं रांधायची ती. दयाळू माणसांचं तिला वावडं होतं. इतकी वर्षं तिनं दया अगदी जवळून पाहिली होती आणि दयेच्या हाताला बटाट्याची माती लागलेली तिला एकदाही दिसली नव्हती.

“आनंदाची बातमी आहे,” बाई म्हणाल्या. “मंगळवारी ते कापडवाले पतिपत्नी येऊन गेले ना, त्यांनी दत्तक घ्यायला आपल्या बटणला पसंत केलंय. लांबच्या शहरात नेणार. त्यांची एकच अट होती, मुलगी पूर्ण अनाथ हवी. मागं शेपूट नको.”

मावशीची सुरी बटाट्यातच थांबली.

कारण शेपूट होतं. ते रोज बारा वाजता खालच्या दालनात, तिसऱ्या बाकावर, जिन्याकडं तोंड करून बसत असे.

झालं होतं असं. त्या खालच्या दालनाच्या दारावर निळ्या अक्षरांत पाटी होती, ‘देवाचे घर’. त्यामुळं रस्त्यावरची माणसं “चला, देवाघरी जाऊन येतो” म्हणत आणि स्वतःच खदखदून हसत. चार महिन्यांपूर्वी एक इस्त्रीवाली तिथं येऊ लागली होती. तिचा हात भाजला, मग काम गेलं, मग खोली गेली. बरोबर सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या अंगरख्याची बटणं कायम एक घर चुकलेली, म्हणून मावशीनं तिचं नाव बटण ठेवलं. एका दुपारी बटण साबणाच्या वासामागं जिना चढून वर गेली आणि नव्या मेट्रनबाईंना पायरीवर अनवाणी सापडली.

“बाबा कुठंयत तुझे?”

“मेले.”

“आणि आई?”

“आई देवाघरी असते.”

मेट्रनबाईंचे डोळे भरून आले. बाप मेला म्हणणारी मुलगी आईला देवाघरी का म्हणते, आणि ‘गेली’ न म्हणता ‘असते’ का म्हणते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला नाही. खालची पाटीही त्यांनी वाचली नव्हती. वासामुळं त्या खाली कधी उतरतच नसत. त्यांनी मुलीला न्हाऊ घातलं, पलंग दिला आणि वहीत लिहिलं, ‘दोन्ही पालक मृत’. त्याशिवाय प्रवेशच नव्हता.

मावशी धावत खाली आली होती. “अगं, तुला मारून टाकलंय वर!”

इस्त्रीवालीनं सगळं ऐकून घेतलं. “पलंग आहे?”

“आहे.”

“पांघरूण?”

“दोन.”

“मग मी देवाघरीच बरी,” ती म्हणाली.

तेव्हापासून मावशी रोज बटणच्या हाती पावाची टोपली देऊन तिला खाली पाठवी. मुलगी सगळ्यांना पाव वाटत जाई आणि तिसऱ्या बाकाशी जरा रेंगाळे. आईनं तिला पढवून ठेवलं होतं, काहीही झालं तरी मला ‘बाई’ म्हणायचं. मुलीचं पाठांतर उत्तम होतं.

आता मावशी सुपाचं पातेलं घेऊन त्या बाकाशी वाकली आणि तिनं रविवारचं सांगितलं.

“कशी माणसं आहेत?” इस्त्रीवालीनं विचारलं.

“गाडी आहे.”

“ते नाही विचारलं.”

“दात मोजले तिचे. डोक्यात उवा बघितल्या. नाव मात्र विचारलं नाही. म्हणाले, बदलायचंच आहे.”

इस्त्रीवाली पाव कुस्करत राहिली. “मी बोलले तर?”

“तर पलंग जाईल.”

“आणि नाही बोलले तर ती जाईल.”

“हो.”

“तुम्ही काय केलं असतंत?”

मावशीला टोमणा सुचला नाही, असं क्वचितच होई. “मला लेकरू नाही गं. मला कशाला विचारतेस?”

रविवारी उपासनेनंतर निरोपाचा समारंभ खालच्याच दालनात ठेवला होता. दोन्ही सत्कार्यं एकाच फोटोत बसावीत, असा अध्यक्षीणबाईंचा विचार. पुढं कापडवाले, पाळकसाहेब, नव्या फ्रॉकमधली बटण आणि रांगेत बाकीच्या मुली. मागच्या बाकांवर, तोंडं धुऊन येण्याची ताकीद दिलेली बेघर माणसं. पाळकसाहेब पोरक्या मुलीबद्दल फार गहिवरून बोलत होते. त्यांना गहिवर घड्याळाप्रमाणं येई.

इस्त्रीवाली उभी राहिली. “साहेब, ती पोरकी नाही. माझी मुलगी आहे.”

“शक्यच नाही!” मेट्रनबाईंनी वही उघडली. “हिची आई देवाघरी आहे. इथं नोंद आहे.”

“बरोबर आहे नोंद. रोज बारा ते एक. तिसरा बाक.”

मागं हशा पिकला. “आम्हीपण सगळे देवाघरीच असतो हो बाई,” एक कुबडीवाला ओरडला, “अजून पुरलं नाही कुणी!”

पाळकसाहेबांनी हात वर करून शांतता केली आणि ते मुलीपुढं वाकले. “बाळ, खरं सांग. ही कोण?”

बटणनं आईकडं पाहिलं, मग मावशीकडं.

“बाई,” ती स्पष्ट म्हणाली. आणि शाबासकीसाठी मावशीकडं बघत राहिली.

मेट्रनबाईंनी वही मिटली. कापडवाल्याची बायको सुस्कारा टाकून हसली. इस्त्रीवालीनं बाकाची पाठ घट्ट धरली.

“अगं गाढवे, आता म्हण!” मावशी ओरडली. “आता चालतं!”

“खरंच?”

“खरंच.”

“आई,” बटण म्हणाली. मग चार महिन्यांचं उरलंसुरलं एकदम बाहेर आल्यासारखी आई, आई, आई असं इतक्यांदा म्हणाली, की अध्यक्षीणबाईंनी कानांवर हात ठेवले.

पाळकसाहेबांनी मायलेकींची भेट झाल्याबद्दल तिथंच आभाराची प्रार्थना केली. प्रार्थना सुंदर झाली. मेट्रनबाईंना रडू आलं आणि आमेन म्हटल्यावर त्याच ओल्या डोळ्यांनी त्यांनी मुलीचं नाव खोडलं. नियम म्हणजे नियम. आई सापडल्यामुळं मुलीला अर्ध्या तासात पलंग रिकामा करायचा होता. फ्रॉक कापडवाल्यांचा होता, तो उतरवून घेतला. बूट संस्थेचे होते, तेही.

“बाईसाहेब,” मावशी म्हणाली, “आईला खरंच मारून हिला आणलं असतं, तर बूट राहिले असते ना?”

“तुम्हीही निघा, मावशी.”

“निघालेच. सूप दाट केलंय, तळाला लागेल. ढवळायला कुणीतरी हात घाण करा.”

मावशीनं त्या दोघींना आपल्या एका खोलीत नेलं. तिथं काही नंदनवन नव्हतं. दोन्ही बायका मिठावरून, खिडकीवरून, कशावरूनही भांडायच्या आणि बटण मध्ये बसून अभ्यास करायची. इस्त्रीवाली अकरा वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेली. बटण टेलिफोन खात्यात लागली, नवरा तिनं स्वतः शोधला, आणि मावशीला शेवटपर्यंत तिनंच सांभाळलं. पाळकसाहेब ही हकीकत पुढं तीस वर्षं प्रवचनात सांगत. त्यांच्या हकीकतीत आईला पहिल्या नजरेत त्यांनीच ओळखलेलं असे. मेट्रनबाईंना मोठ्या संस्थेत बढती मिळाली. अध्यक्षीणबाईंचं तैलचित्र जिन्यात लागलं. घोटाळा नको म्हणून दालनावरची पाटी बदलून ‘भोजन विभाग’ अशी केली.

कापडवाले त्या दिवशी रिकाम्या हातानं गेले नाहीत. लांबून आले होते. रांगेतली बटणच्या शेजारची मुलगी खरोखरच अनाथ होती, तिला तोच फ्रॉक घातला. थोडा आखूड झाला. गाडी निघाली तेव्हा ती मागच्या काचेतून सगळ्यांकडं बघून हात हलवत होती, कारण खास तिला म्हणून निरोप द्यायला कुणीच उभं नव्हतं. मावशी, इस्त्रीवाली आणि बटण तेव्हा गाठोडं बांधत होत्या. पुढं म्हातारपणी मावशीनं पुष्कळदा आठवून पाहिलं. दोन वर्षं तिनं त्या मुलीला रोज आपल्या हातानं वाढलं होतं. पण तिला काय म्हणून हाक मारायची, ते काही तिला आठवलं नाही.