सात कप्प्यांची पेटी आणि बंद पाकिटं

मित्रांनो, ही गोष्ट २०१३ सालची. जुलै महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी मला कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून दाराशी ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येणार होती. त्या गाडीच्या मागे दोन लोखंडी जबडे असतात. ते मिटताना जो आवाज होतो, तो मी खिडकीत बसून अनेकदा ऐकला होता. साठ वर्षांच्या आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझा जन्म वेल्समधल्या लानेली गावचा. तिथे त्या काळी घरोघरचा एक तरी माणूस पत्रा बनवणाऱ्या गिरणीत असायचा. मला हिरवा रंग दिला, झाकणाला सात फटी पाडल्या आणि आत सात कप्पे केले. एक कुलूप, दोन किल्ल्या. ओल्वेन नावाच्या नव्या नवरीने गुरुवारच्या बाजारात मला विकत घेतलं आणि एकेका फटीखाली कागद चिकटवून नावं लिहिली: भाडं, कोळसा, गॅस, विमा, चॅपल, नाताळ. सातव्या फटीखाली तिने काहीच लिहिलं नाही.

तिचा नवरा इद्वाल गिरणीत कामाला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो पगाराचं पाकीट आणून टेबलावर ठेवायचा. पाकीट न फोडलेलं असायचं. आमच्या गल्लीत तो मान होता. ज्याचं पाकीट वाटेतल्या गुत्त्यातच फुटलेलं असे, त्याच्या बायकोला शेजारणी विचारत, "काय गं, वारा फार होता वाटतं आज?" ओल्वेनला हे कधी ऐकावं लागलं नाही. ती पाकीट फोडायची, नाणी मोजायची आणि एकेका फटीतून आत सोडायची. त्या खणखणाटात मी लहानाची मोठी झाले.

सातवा कप्पा चिठ्ठ्यांचा होता. कोळशाच्या कप्प्यातून नाताळसाठी दोन शिलिंग काढले, की ती लिहायची, "कोळशातून दोन, नाताळला." आणि चिठ्ठी सातव्या फटीत टाकायची. पैसे परत टाकले की चिठ्ठी फाडायची. "काढायला हरकत नाही," ती म्हणायची, "पण चिठ्ठी हवी."

पुढे इद्वाल गेला, गिरणी बंद पडली, पगार परस्पर बँकेत जमा व्हायला लागले. मी कपाटावर बसून बटणं सांभाळू लागले. रिकामं राहण्यापेक्षा बटणं बरी. पण खरं सांगते, फार एकटं वाटायचं.

ओल्वेनची नात नेरिस. ती २००९ साली कार्डिफच्या विद्यापीठात शिकायला निघाली, तेव्हा ओल्वेनने मला तिच्या हातात दिलं. एक किल्ली नेरिसला दिली, दुसरी आपल्या गळ्यातल्या फितीला ठेवली.

"मामगी, आता कोण नाणी साठवतं?" नेरिस हसून म्हणाली. आमच्याकडे आजीला मामगी म्हणतात.

"मग बटणं ठेव. पण ही रिकामी ठेवू नकोस."

विद्यार्थ्यांना बँक एक सवलत देत असे. खात्यात काही नसलं तरी पंधराशे पौंडांपर्यंत काढता येत, व्याज नाही. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. नेरिसच्या फोनवर मात्र ओव्हरड्राफ्ट हा शब्द बारीक अक्षरांत होता आणि मोठ्या अक्षरांत होतं, "वापरता येतील: १५०० पौंड." तिला वाटलं, वापरता येतील म्हणजे आपलेच. तिच्या सगळ्या मैत्रिणींना तसंच वाटत होतं. तिने उधळपट्टी केली नाही. एक गरम कोट, पुस्तकं, घरी जायची तिकिटं, घरभाड्याची अनामत. तीन वर्षांत चौदाशे चाळीस गेले. पाय अंथरुणाबाहेर गेले नव्हते हो. अंथरूणच बँकेचं होतं.

पदवी मिळाली. नेरिसला स्वॉन्सीला एका कॅफेत काम लागलं. आठवड्याला किती तास मिळतील ते मालक रविवारी सांगायचा. महिन्याला कधी सहाशे पौंड, कधी पाचशे. टेगन नावाच्या मुलीबरोबर तिने दोन खोल्या घेतल्या. तिच्या वाटणीचं भाडं दोनशे साठ.

आणि मग पाकिटं यायला लागली. लांबट, पांढरी, पुढे खिडकी असलेली. पहिलं आलं तेव्हा नेरिसने ते उलटसुलट करून पाहिलं, दोनदा घडी घातली आणि भाड्याच्या फटीतून माझ्यात सारलं. न फोडता.

मित्रांनो, माझा मूर्खपणा ऐका. मला आनंद झाला! मी जुन्या काळची. बंद पाकीट म्हणजे मानाची गोष्ट, एवढंच मला ठाऊक. वाटलं, आला शुक्रवार. आता ती ते फोडेल, मोजेल, वाटेल. पण शुक्रवार आला नि गेला. दुसरं पाकीट कोळशाच्या कप्प्यात गेलं, तिसरं गॅसच्या. ती सारत असताना तिची बोटं माझ्या पत्र्याला लागायची. ती बर्फासारखी गार असायची. तेव्हा मला कळलं, हा मान नाही. ही मुलगी भ्यायली आहे.

भीती पत्र्याला लवकर लागते, गंजासारखी. दारातल्या टपाल टाकायच्या पत्रफटीचं झाकण वाजलं, की नेरिसच्या हातातला कप थांबायचा आणि माझ्या आतली पाकिटं सळसळायची. फोन वाजला की ती तो उशीखाली घालायची. टेगन थट्टा करायची, "बाई गं, पोस्टमन तुझ्या प्रेमात पडलाय. आज पुन्हा चिठ्ठी."

"टाक तिकडे."

"एकदा उत्तर तरी दे बिचाऱ्याला."

नेरिस हसायची. मग माझी किल्ली फिरवून बघायची आणि पुन्हा बंद करायची.

एकच निरोप तिने वाचला होता, कारण तो पाकिटात नव्हता, फोनवर आला होता. एक ऑगस्टपासून तिची मर्यादा पंधराशेवरून हजारावर येणार होती. तिने कॅफेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला. एकतीसला पगार जमा होणार पाचशे साठ. त्यातले चारशे चाळीस खड्ड्यातच जाणार. उरणार एकशे वीस. एक तारखेला भाडं दोनशे साठ. भाडं मागच्या महिन्यातही उशिरा गेलं होतं आणि घरमालकाने सांगून ठेवलं होतं, "पुन्हा झालं तर खोली रिकामी करायची." तो हिशेबही तिने माझ्यात टाकला. मला माझं झाकण मिटेना.

त्याच सोमवारी तिने मला उचललं आणि काळ्या पिशवीत घातलं. पाकिटांसकट. पिशवीची गाठ मारताना ती पुटपुटली, "माफ कर गं." माझा एक कोपरा पिशवी फाडून बाहेर आला. तेवढ्याच भोकातून मला दार दिसत होतं.

दुपारी त्याच दारावर थाप पडली.

"उघड गं, पाय दुखले माझे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते, म्हटलं पोरीला बघून जावं." ओल्वेन आत आली. हातात अजून कोमट असलेल्या मनुकांच्या चपट्या केकचा डबा. "किती वाळलीस. कॅफेत काम करतेस की कॅफे तुला खातंय?"

नेरिस हसायला गेली, पण तिचं लक्ष दाराजवळच्या पिशवीकडे होतं. ओल्वेननेही तिकडे पाहिलं. डोळे अधू झाले तरी आपला हिरवा रंग माणूस ओळखतो. तिने वाकून मला बाहेर काढलं आणि कानाशी हलवलं. तरुणपणी ती असंच करायची. आवाजावरून तिला पैसे कळायचे.

"ही वाजत नाही," ती म्हणाली. "सळसळते आहे. काय भरलंस हिच्यात?"

नेरिसने केकचा डबा आपल्याकडे ओढला.

ओल्वेनने गळ्यातली फीत काढली. किल्ली तिच्या हातात होती. मी श्वास रोखला. पण तिने मला उघडलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"अठ्ठावन्न साली तुझ्या आजोबांचा हात भाजला होता," ती म्हणाली. "पाच आठवडे पगार नाही. मी भाड्याच्या कप्प्यातून घेतले. चिठ्ठी टाकली नाही."

"का?"

"लिहिलं की खरं झालं असतं ना. भाडंवाला दर शनिवारी वसुलीला यायचा. मी तुझ्या बापाचं तोंड दाबून कोचामागे बसायचे. दोन वर्षांचं पोर, त्याला वाटायचं लपाछपी चालली आहे. तिसऱ्या शनिवारी तो हसला आणि पकडले गेलो."

"मग? त्याने घराबाहेर काढलं?"

"म्हणाला, 'बाई, आठवड्याला किती जमेल?' एवढंच. तीन आठवडे मी मरत होते आणि त्याचा प्रश्न होता एवढाच." ओल्वेनने किल्ली पुढे सरकवली. "तुझा भाडंवाला कोण आहे, बाळ?"

नेरिसची किल्ली कुलपावरून तीनदा घसरली. मग मी उघडले गेले. एकोणीस पाकिटं निघाली. ओल्वेनने तारखेप्रमाणे लावली आणि भाजीच्या सुरीने पहिलं फाडलं. नेरिसने डोळे मिटले.

"वाच. मला दिसत नाही."

बरीचशी पाकिटं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी होती. दोघींनी अर्धा तास वाचलं. तेरावं पाकीट वाचताना नेरिस अडखळली. मे महिन्यातलं होतं. उत्पन्न कमी असेल तर मर्यादा एकदम न उतरवता थोडी थोडी उतरवता येईल, त्यासाठी एकतीस जुलैच्या आत भेटा, असं त्यात लिहिलं होतं.

"मेमध्ये," नेरिस म्हणाली. "तीन महिने हे इथेच होतं." आणि मग ती रडली.

"रड. पण उद्या सकाळी नऊला तयार राहा. आज एकतीस नाही, एकोणतीस आहे."

मंगळवारी कचऱ्याची गाडी आली आणि माझ्याविना गेली. मी ओल्वेनच्या बाजाराच्या पिशवीत होते. बँकेत आमच्यासमोर डेलिथ नावाच्या बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. ओल्वेनने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तुमची पत्रं," ओल्वेन म्हणाली. "जपून ठेवली होती."

डेलिथबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. पण उत्तर सोपं नव्हतं. "हे मला इथून बदलता येत नाही. वरच्या कचेरीला विचारावं लागेल. नाहीही म्हणतील." त्यांनी फोन लावला. चाळीस मिनिटं फोनमधून एकच सूर वाजत राहिला. नेरिस माझ्या कुलपावर अंगठा घासत होती. तिच्या नाडीचे ठोके मला माझ्याच आत वाजताहेत असं वाटत होतं.

शेवटी डेलिथबाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं, "महिन्याला किती जमेल?"

नेरिसने आजीकडे पाहिलं. ओल्वेन भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

"पन्नास," नेरिस म्हणाली. "सत्तर म्हणेन, पण जमणार नाही. पन्नास."

पन्नास ठरलं. मर्यादा दर महिन्याला पन्नासने उतरेल, तोवर व्याज नाही. बाहेर सोडताना डेलिथबाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून पगार दुसऱ्या बँकेत साध्या खात्यावर घे. इथे फक्त पन्नास टाक, स्वतःच्या हाताने. म्हणजे खड्डा तुला न विचारता काही गिळणार नाही."

भीती त्या दिवशी संपली नाही, मित्रांनो. कॅफेत तास कमी मिळाले, की ती परत यायची. एका फेब्रुवारीत तीसच जमले. पण त्या वेळी नेरिसने आधीच फोन केला आणि माझ्या सातव्या फटीत चिठ्ठी टाकली, "वीस कमी. मार्चमध्ये." मार्चमध्ये तिने ती फाडली. २०१६ च्या जानेवारीत खात्यावर शून्य आलं. तिने लानेलीला फोन करून एवढंच सांगितलं, "मामगी, शून्य."

"अभिनंदन," ओल्वेन म्हणाली. "केक घेऊन येते. इद्वाल असता तर म्हणाला असता, 'शून्यासाठी केक कापणारी ही पहिलीच.'"

ओल्वेन दोन वर्षांनी गेली. तिची किल्ली आता माझ्याच आत असते. टेगनने एका पोस्टमनशी लग्न केलं. आमची पत्रं आणणारा तो नव्हे, दुसरा, आणि या गोष्टीवर ती अजून हसते. डेलिथबाई निवृत्त झाल्या, त्यांची शाखा बंद झाली, तिथे आता नखं रंगवण्याचं दुकान आहे. नेरिस गावच्या संग्रहालयात जुने कागद लावण्याचं काम करते. पगार फार नाही. मी तिच्या दाराजवळच्या फळीवर असते. माझ्यात नाणी नाहीत. सहा कप्पे रिकामे असतात, सातव्यात कधी एखादी चिठ्ठी.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा रंग नको. एवढंच मागते: भिऊन कुठलंही बंद पाकीट माझ्यासारखीच्या पोटात ढकलू नका. आम्ही मुक्या. आत काय लिहिलं आहे ते आम्हाला सांगता येत नाही, नुसतं सोबत थरथरता येतं.

आजही पत्रफटीचं झाकण वाजलं, की माझा पत्रा थरथरतो. नेरिस उठते. चहाचा कप हातातच असतो. मग दाराशी उभ्या उभ्या कागद फाटल्याचा आवाज येतो, आणि मी शांत होते.